नागोया, श्टुटगार्ट आणि गप्प बसलेली माणसं

माझ्या टेबलाच्या खणात दोन कागद आहेत. पहिला बसच्या तिकिटाएवढा, पातळ. नागोयाच्या एका स्टेशनात फाटकापाशी उभ्या असलेल्या माणसाने तो दोन्ही हातांनी दिला होता. त्यावर तारीख आहे आणि मिनिटांच्या आकड्यांपैकी १० या आकड्यापाशी कडेला भोक पाडलंय. याला 'चिएन शोमेइशो' म्हणतात, म्हणजे उशीर झाल्याचा दाखला. गाडी आमच्यामुळे उशिरा आली, या बाईंचा दोष नाही, असं तो माझ्या ऑफिसला सांगतो. दुसरा कागद जर्मनीतल्या एका रेल्वे कंपनीचा. चांगला मोठा, चौकटीच चौकटी असलेला. गाडी ६० मिनिटं उशिरा पोचली तर तिकिटाचे २५ टक्के परत, १२० मिनिटं झाली तर ५० टक्के. तो मी कधी भरला नाही, कारण ज्या दिवशी तो घेतला त्या दिवशी आमची गाडी ५८ मिनिटं उशिरा पोचली होती.

नागोयात मी तीन वर्षं राहिले, श्टुटगार्टमध्ये पाच. दोन्ही मोटारींची गावं. दोन्हीकडे माझं काम एकच, कारखान्यात सुटे भाग मोजणारी उपकरणं विकायची आणि विकल्यावर ती चालती ठेवायची. तेव्हापासून ओळखीचं कुणी परदेशाचा विचार करायला लागलं की फोन येतो: जर्मनी की जपान? फिरायला कुठे, धंद्याला कुठे, राहायला कुठे? विचारणाऱ्याच्या डोक्यात एक गोष्ट पक्की असते. हे दोन्ही देश एकाच माळेचे मणी आहेत. वक्तशीर, स्वच्छ, नियमाला पक्के. शिस्त हा शब्द आपण दोघांवरही सारखाच चिकटवून टाकतो.

फिरायचं असेल तर मी फार विचार करत नाही. जपान. दोन आठवडे, पहिल्यांदाच, बरोबर म्हातारी माणसं, भाषा येत नाही, तरी जपान. पहिली शिंकानसेन, म्हणजे त्यांची बुलेट ट्रेन, १ ऑक्टोबर १९६४ ला तोक्यो ते ओसाका धावली आणि अजूनही ती बघताना मान वळतेच. मी नागोयात असताना, नोव्हेंबर २०१७ मध्ये, तोक्योजवळच्या त्सुकुबा एक्स्प्रेसची एक गाडी ठरल्या वेळेच्या वीस सेकंद आधी सुटली म्हणून कंपनीने जाहीर माफी मागितली. जगभर त्याची बातमी झाली. माझ्या ऑफिसात मात्र कुणाला त्यात बातमी दिसली नाही. लवकर सुटली म्हणजे चुकलीच ना, असं एकजण म्हणाला.

पैशाचं बोलायचं तर परदेशी पाहुण्यांचा सात दिवसांचा रेल्वे पास ऑक्टोबर २०२३ मध्ये २९,६५० येनवरून एकदम ५०,००० वर गेला. तेव्हापासून पास घ्यायच्या आधी कागदावर बेरीज करावी लागते, पूर्वी डोळे झाकून घ्यायचो. आणि शाकाहारी असाल तर जरा कठीण आहे. मासा नाही म्हणून मागवलेल्या सूपमध्येही 'दाशी' असतं, म्हणजे सुकवलेल्या माशाचं पाणी, आणि ते जपानी माणसाच्या हिशेबात मासा धरलं जात नाही. ते चवीत मोडतं. त्या बाबतीत श्टुटगार्टकडचे लोक प्रामाणिक तरी आहेत. त्यांच्याकडे 'माउलटाशे' नावाचा, आत मांस भरलेला पदार्थ आहे. उपवासाच्या दिवसांत मांस पिठाच्या पदराखाली लपवलं की देवाला दिसत नाही, म्हणून त्याला गमतीने 'देवाला फसवणारे' म्हणतात. लपवलंय हे ते नावातच सांगून टाकतात.

जर्मनीची मजा वेगळी. तिला नऊ शेजारी देश. श्टुटगार्टहून सकाळी गाडीत बसलं की दीड तासाच्या आत फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गला. मे २०२३ मध्ये देशभर लोकल गाड्या, बस, ट्राम यांसाठी महिन्याला ४९ युरोंचं तिकीट निघालं. ते २०२५ मध्ये ५८ झालं आणि आता ६३ आहे, पण तरी त्याच्यासारखी चैन नाही. वेगवान गाड्यांचं मात्र विचारू नका. लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी २०२४ मध्ये ६२.५ टक्के वेळेवर होत्या, आणि वेळेवर म्हणजे सहा मिनिटांच्या आत. गाडी रद्दच झाली तर ती या हिशेबात येत नाही. अशी सोय आपल्यालाही आयुष्यात असती तर.

पण गाडी उशिरा येते तेव्हा फलाटावर काय होतं, तिथे मला या दोन देशांतला फरक पहिल्यांदा दिसला. नागोयात फलाट गप्प असतो. ध्वनिक्षेपकावरून माफी चालू असते, पुन्हा पुन्हा, आणि लोक रांगेत तसेच उभे. श्टुटगार्टमध्ये फलाटावरचे अनोळखी लोक पाच मिनिटांत एकमेकांचे होतात. कुणाची कुठली जोडगाडी चुकणार, मागच्या मंगळवारी काय झालं, कुठल्या मंत्र्याने काय म्हटलं होतं. एरवी शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाकडे न बघणारा जर्मन तक्रार करायची म्हटली की मोकळा होतो. मी तिथली बोली जी काही शिकले त्यातली निम्मी उशिरा आलेल्या गाड्यांनी शिकवली.

या गावांचं आणखी एक साम्य म्हणजे दोन्हीकडे एकेक अडकलेली रेल्वे आहे. श्टुटगार्टचं जुनं स्टेशन सोळा रुळांचं, गाड्या येऊन थांबतात आणि उलट्या परततात. ते मोडून जमिनीखाली आडवं, आठ रुळांचं, आरपार जाणारं स्टेशन बांधायचं काम २०१० मध्ये सुरू झालं. २०१९ मध्ये उघडायचं होतं. अजून उघडलेलं नाही, आणि साडेचार अब्ज युरोंचं काम अकरा अब्जांच्या पुढे गेलंय. मी राहायचे त्या इमारतीत खालच्या मजल्यावर एक आजी होत्या. त्यांच्या टपालपेटीवर एक फिकट झालेला स्टिकर होता: 'ओबेन ब्लाइबेन', वरच राहा. ३० सप्टेंबर २०१० ला स्टेशनाशेजारच्या बागेतली झाडं तोडू नयेत म्हणून उभ्या राहिलेल्या लोकांवर पोलिसांनी पाण्याचे फवारे सोडले, अनेक लोक जखमी झाले. आजी तेव्हा तिथे होत्या. पुढच्या वर्षी नोव्हेंबरात राज्यभर मतदान झालं आणि काम चालू राहावं असा कौल आला. आजी हरल्या. त्यानंतरही वर्षानुवर्षं दर सोमवारी लोक निषेधाला जमत राहिले. मी एकदा त्यांना म्हटलं, आता तर खणून झालं. त्या म्हणाल्या, 'म्हणून काय झालं? मत तर तेच आहे.'

नागोयाची गोष्ट याच्या अगदी उलट. एप्रिल २०१५ मध्ये, मी तिथे पोचले त्याच महिन्यात, चुंबकावर तरंगणाऱ्या जपानी गाडीने चाचणीत ताशी ६०३ किलोमीटरचा विक्रम केला. ही गाडी तोक्योहून नागोयाला चाळीस मिनिटांत येणार होती, २०२७ मध्ये. स्टेशनाजवळच्या प्रत्येक जुन्या दुकानदाराच्या तोंडी तेव्हा तो आकडा होता. वाटेत डोंगरांखालून एक लांब बोगदा आहे. त्याचा जेमतेम अकरा किलोमीटरचा तुकडा शिझुओका प्रांतातून जातो. शिझुओकात या गाडीचं एकही स्टेशन नाही. तिथल्या गव्हर्नरांनी विचारलं, बोगद्यामुळे आमच्या ओइ नदीचं पाणी कमी होईल, त्याचं काय? रस्त्यावर कुणी उतरलं नाही, फवारे नाहीत, मतदान नाही. तज्ज्ञांच्या समित्या बसल्या, अहवाल आले, पत्रं गेली. 'नाही' असं ठणकावून कुणी म्हटलं नाही, पण परवानगीही मिळेना. अशी वर्षं गेली, आणि मार्च २०२४ मध्ये कंपनीनेच सांगितलं की २०२७ जमणार नाही.

दोन्ही शहरं अजून थांबलीयत. थांबण्याची तऱ्हा तेवढी निराळी.

धंद्याचं सांगायचं तर मला ती तऱ्हा समजून घ्यायला बरीच किंमत मोजावी लागली. नागोयात पहिल्या मोठ्या गिऱ्हाइकासमोर मी माझं उपकरण दाखवलं तेव्हा टेबलापलीकडे सातजण होते. सातही व्हिजिटिंग कार्डं मी शिकवल्याप्रमाणे दोन्ही हातांनी घेतली, वाचली, आणि बसलेल्या क्रमाने टेबलावर मांडून ठेवली. ती खिशात कोंबायची नसतात. चहा आला. मी बोलले. प्रश्न फारसे आले नाहीत. शेवटी मधल्या साहेबांनी दातांतून श्वास आत ओढला, सूऽऽ असा, मान जराशी तिरकी केली आणि म्हणाले, 'केन्तो शिमासु.' आम्ही विचार करू. मग सगळे लिफ्टपर्यंत सोडायला आले आणि लिफ्टचं दार मिटेपर्यंत वाकून उभे राहिले.

मौन म्हणजे संमती, हे ऐकतच मी लहानाची मोठी झालेली. कुणी हरकत घेतली नाही म्हणजे झालंच की. मी संध्याकाळी ऑफिसला कळवलं, काम झाल्यात जमा आहे. तीन महिने काही झालं नाही. शेवटी आमच्या ऑफिसातल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याने मला कॉफीला नेलं. नागोयात सकाळी कॉफी मागितली की बरोबर टोस्ट आणि उकडलेलं अंडं फुकट येतं, ही या गावची खास पद्धत. अंडं सोलता सोलता ते म्हणाले, 'तो श्वास ऐकलात ना?' मी म्हटलं, ऐकला. 'तोच नकार होता.'

त्यांनी मग मला 'नेमावाशी' समजावली. मूळ शब्द माळ्यांचा. मोठं झाड हलवायचं तर आधी त्याच्या मुळांभोवती हळूहळू खणत जायचं, ती नव्या जागेसाठी तयार करायची. बैठक ही निर्णय घ्यायची जागाच नव्हे. आधी त्या सातजणांना एकेकट्याला भेटायचं, प्रत्येकाची अडचण वेगळी ऐकायची, कागद खालून वर शिक्के घेत घेत जाऊ द्यायचा, आणि बैठकीत सगळ्यांनी मिळून फक्त मान डोलवायची. मी तसं केलं. आठ महिने लागले. मात्र त्यानंतर त्या कारखान्याकडून वर्षामागून वर्ष ऑर्डर येत राहिली, किमतीवर घासाघीस जवळपास न होता. मी देश सोडला तरी त्या चालूच होत्या.

समोरच्याचा नूर ओळखण्याला जपानीत 'हवा वाचणं' म्हणतात. ज्याला ती वाचता येत नाही त्याच्याबद्दल कीव असते. गंमत म्हणजे भाषेने मला मदतच केली. आपल्यासारखंच त्यांचं क्रियापद वाक्याच्या शेवटी, चा-ची-चे च्या जागी 'नो', आणि बोलताना दर दोन वाक्यांनी 'ने' लावायचा, अगदी आपल्या 'ना'सारखा. पण व्याकरण जमलं म्हणून हवा वाचता येत नाही. जपानी बोलायला मला एक वर्ष लागलं. जपानी गप्प बसायला तिसऱ्या वर्षीही जमत नव्हतं.

श्टुटगार्टहून तासाभरावर श्वेबिश आल्ब नावाच्या डोंगराळ भागात लहान लहान गावांत एकेक कारखाना असतो, दोनशे माणसांचा, घराण्याचा, आणि जगातल्या कुठल्या तरी एका पंपाचा किंवा स्क्रूचा राजा. अशाच एका कारखान्यात मी तेच उपकरण घेऊन गेले. मालक स्वतः निळ्या डगल्यात आले, बसले नाहीत. किंमत वाचली आणि म्हणाले, 'महाग आहे.' मला आत येऊन चार मिनिटं झाली होती. माझा चेहरा पडलेला बघून त्यांनीच पुढचा प्रश्न विचारला: चूक किती मायक्रॉनची? मग अर्धा तास त्यांनी उपकरणातले दोष मोजून दाखवले, त्यातले दोन आम्हालाही ठाऊक नव्हते. महिन्याभरात करार झाला, चौदा पानी. त्यानंतर एक सुटा भाग एक दिवस उशिरा पोचला तरी सकाळी आठला मेल यायची, कराराच्या कलमाचा क्रमांक टाकून. नमस्कार-चमत्कार पुढच्या ओळीत.

तो कागदावरचा विश्वास काय असतो ते आमच्या कंपनीने तिथे शाखा काढली तेव्हा दिसलं. जर्मनीत साधी मर्यादित कंपनी काढायला २५,००० युरो भांडवल लागतं, निम्मं नोंदणीआधी भरलेलं, आणि दस्त नोटरीपुढे करावा लागतो. आमच्या नोटरींनी तो दस्त मोठ्याने वाचायला घेतला. मला वाटलं, पहिलं पान वाचतील. कायद्यानेच तो सबंध वाचून दाखवायचा असतो. कंपनीचं नाव, हेतू, भागधारक मेला तर काय, दिवाळं निघालं तर काय, सगळं एका सुरात, पोथी वाचल्यासारखं. पाऊण तास. मध्ये एकदा ते थांबले, पाणी प्यायले, आणि 'कळलं ना?' असं विचारून पुढे गेले. मी बसल्या जागी विचार करत होते की आपण आजवर सह्या केलेल्या किती कागदांचा एक शब्दही वाचला नव्हता.

जपानमध्ये कंपनी काढायची तर नोंदणी कागदोपत्री एक येन भांडवलावरही होते, आणि कंपनीचा गोल शिक्का कोरून घेणं हे अजूनही पहिल्या कामांपैकी एक. पण परदेशी माणसाला तिथे राहून स्वतःचा धंदा चालवायचा तर व्हिसा लागतो. त्यासाठी आधी ५० लाख येन भांडवल पुरायचं. ऑक्टोबर २०२५ पासून ते ३ कोटी येन झालं, वर एक पूर्णवेळ कर्मचारी नेमणं सक्तीचं. लहान हॉटेल किंवा दुकान टाकायची स्वप्नं बघणाऱ्यांना मी आता आधी हे सांगते, बाकीचं नंतर.

तेव्हा धंद्याला कुठे? तुमच्याकडे वेळ जास्त असेल तर जपान, वस्तू चांगली असेल तर जर्मनी. दोन्ही नसेल तर कुठेच नाही, पण ते फोनवर सांगता येत नाही.

आता राहायचं. दोन्ही देशांत नव्या घरी गेल्यावर चौदा दिवसांच्या आत सरकारदरबारी पत्ता नोंदवावा लागतो. इथवर सगळं सारखं. त्याआधी घर मिळवायचं असतं, तिथे फाटे फुटतात.

नागोयातला घराचा एजंट तरुण, गोड मुलगा होता. मला पसंत पडलेल्या घरांच्या मालकांना तो माझ्यासमोरच फोन लावायचा. आधी नोकरी, पगार सांगायचा, मग आवाज जरा खाली घेऊन, 'परदेशी बाई आहेत, पण...' फोनवरही तो कमरेत वाकायचा. चार वेळा तो वाकला आणि चार वेळा फोन ठेवून मला फक्त म्हणाला, 'चोत्तो...' जरा... एवढाच शब्द. वाक्य पुरं होत नसे. पाचवं घर मिळालं. त्याला अनामत रक्कम, जामीन राहणाऱ्या कंपनीची फी, एजंटाची फी, आणि 'रेइकिन', म्हणजे आभाराचे पैसे. घर दिल्याबद्दल मालकाचे आभार मानायचे, एका महिन्याच्या भाड्याएवढे, आणि ते परत मिळत नाहीत.

श्टुटगार्टमध्ये घर मिळायला त्याहून जास्त दिवस लागले, पण नकार छापील आले. अनामत तीन महिन्यांच्या मूळ भाड्याहून जास्त घेता येत नाही, हे कायद्यात लिहिलंय. लिहिलेलं नव्हतं ते वेगळंच. किल्ली घेऊन मी स्वयंपाकघरात गेले तर तिथे चार भिंती आणि भिंतीतून बाहेर आलेले दोन नळाचे तुकडे. ओटा नाही, सिंक नाही, शेगडी नाही. आधीचे भाडेकरू स्वयंपाकघर उचकटून बरोबर घेऊन गेले होते. तिकडे तशीच रीत आहे. पहिले तीन आठवडे मी भांडी बाथटबमध्ये घासली.

रजेचं आणि दुखण्याचं थोडक्यात सांगते. जर्मनीत पाच दिवसांच्या आठवड्याला किमान २० दिवस रजा कायद्याने, आम्हाला ३० होती. आजारी पडलं की सहा आठवडे पूर्ण पगार. जपानमध्ये सहा महिने झाल्यावर दहा दिवसांची रजा हातात येते, आणि ताप आला तरी लोक त्यातलाच दिवस मोडतात. लोक रजा घेतच नाहीत म्हणून २०१९ पासून वर्षाला निदान पाच दिवस घ्यायलाच लावा असा कायदा करावा लागला. उलट डॉक्टर नागोयात तासाभरात भेटायचा, बिलाचे ३० टक्के भरले की झालं. श्टुटगार्टमध्ये त्वचेच्या डॉक्टरची वेळ मिळाली तोवर पुरळ जाऊन परत आलं होतं.

पण राहणं कळतं ते कचऱ्यातून. नागोयाचं कचऱ्याचं प्रकरण जुनं आहे. शहराला कचरा टाकायला जागा उरली नव्हती, म्हणून समुद्रकाठची फुजिमाए नावाची खाजण भरून काढायचं ठरलं होतं. तिथे हजारो स्थलांतरित पक्षी उतरतात. लोकांनी विरोध केला, जानेवारी १९९९ मध्ये शहराने बेत सोडला, आणि पुढच्याच महिन्यात 'कचऱ्याची आणीबाणी' जाहीर केली. दोन वर्षांत पाचवा हिस्सा कचरा कमी करायचा. तो झाला. नागोयातली वयस्क माणसं कचरा निवडताना जी एकाग्र दिसतात ती यामुळे. फुजिमाए आज रामसर यादीत आहे, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत.

हे सगळं मला फार उशिरा कळलं. मी आपली नकाशासारखा पसरलेला कचऱ्याचा तक्ता फ्रिजवर लावून, जमेल तसं वेगळं करून, इमारतीच्या कोपऱ्यात ठेवत होते. कधी कुणी काही म्हटलं नाही. मला वाटलं, जमतंय आपल्याला. दुसऱ्या वर्षी एकदा पहाटेची गाडी पकडायला साडेसहाला खाली उतरले. पहिल्या मजल्यावरच्या काकू कोपऱ्यात उकिडव्या बसल्या होत्या, हातात रबरी मोजे. माझी पिशवी उघडून त्या बाटल्यांची झाकणं काढत होत्या, वरचे कागद सोलत होत्या, आणि सगळं आपापल्या पिशवीत ठेवत होत्या. त्यांनी मान वर केली. मला वाटलं आता काहीतरी बोलतील. त्या झटकन उठल्या, वाकल्या, आणि 'सुमिमासेन' म्हणाल्या. माफ करा. माझी माफी मागितली त्यांनी.

मी त्या दिवशी गाडीत बसून हिशेब करत होते: दोन वर्षं, आठवड्यातून दोनदा.

श्टुटगार्टमध्ये असा हिशेब करायची वेळ कुणी येऊ देत नाही. पहिल्याच रविवारी काचेच्या रिकाम्या बरण्या मी कोपऱ्यावरच्या पेटीत टाकल्या. घरी पोचते तोवर आजी दारात. रविवारी काच टाकायची नाही, आवाज होतो, पेटीवर लिहिलंय, वाचलं नाहीत का? रविवारची विश्रांती तिथे थेट राज्यघटनेत आहे, हे मला नंतर समजलं. तेव्हा नुसतं रडू आलं. पुढे आजींनी मला जिन्यात ओली छत्री, रात्री दहानंतरचं वॉशिंग मशीन आणि हिवाळ्यात बंद ठेवलेल्या खिडक्या यांवरून क्रमाने फैलावर घेतलं. आणि मग माझ्या दाराच्या मुठीला एके दिवशी एक लाकडी पाटी लटकलेली दिसली: 'केरवोखे'. झाडण्याचा आठवडा. त्या शब्दातला केर आपलाच वाटावा. या आठवड्यात जिना माझा, झाडून, पुसून, कठडा फडक्याने. आठवडा संपला की पाटी पुढच्या दाराला. पंधराव्या शतकाच्या शेवटी काउंट एबरहार्डच्या काळापासून या भागात हे चालत आलंय म्हणतात.

पहिल्या वेळी माझा जिना नापास झाला. कोपरे राहिले होते. दुसऱ्या वेळी कठड्याची खालची बाजू. ऑफिसात मी हे सांगितलं तेव्हा एक सहकारी हसत सुटला. त्याने मला तिकडच्या बोलीतली एक म्हण शिकवली: 'नेट गशिम्फ्ट इश ग्लोब्ट गनुग.' शिव्या नाही घातल्या म्हणजे पुरेसं कौतुक झालं. या राज्याची २०२१ पर्यंत स्वतःची जाहिरातच होती, आम्हाला सगळं जमतं, फक्त प्रमाण जर्मन सोडून. कौतुक करणंही त्यात धरायला हवं होतं.

मला विचाराल तर राहायला मी श्टुटगार्ट म्हणेन. हे माझ्या स्वभावाचं उत्तर आहे, दोन देशांचं नव्हे. कायमचं राहायचं तर कागदही तिथे हलके आहेत: २०२४ पासून पाच वर्षांनी नागरिकत्व मागता येतं आणि जर्मनीच्या बाजूने जुनं सोडायची अट राहिलेली नाही. आपला कायदा दुहेरी नागरिकत्व देत नाही, ही गोष्ट वेगळी. जपानला दोन नागरिकत्वं चालत नाहीत, आणि कायम वास्तव्याला साधारण दहा वर्षं लागतात, उच्चशिक्षितांना गुण भरले तर कमी. पण खरं कारण हे नाही. तोंडावर बोलणाऱ्या माणसांत मला झोप शांत लागते. नागोयात शेवटच्या वर्षी मी कुणी हसलं तरी विचार करायचे, आता काय चुकलं.

तरी संध्याकाळी पाच वाजता नागोयाजवळच्या गावांत खांबावरच्या भोंग्यांतून एक धून वाजते. आणीबाणीची यंत्रणा चालू आहे ना हे रोज तपासायचं, म्हणून. मुलं ती ऐकून मैदानातून घरी पळतात. श्टुटगार्टच्या फलाटावर ताटकळताना मला नेहमी तीच आठवायची. त्या काकूंना मी निघताना टॉवेलांचा एक संच दिला. त्यांनी मला त्याहून महाग काहीतरी दिलं. कचऱ्याबद्दल आम्ही दोघीही बोललो नाही.

श्टुटगार्ट सोडलं त्या शनिवारी पाटी माझ्याच दारावर होती. सामान गेलं होतं. स्वयंपाकघर मी पुढच्या भाडेकरूला विकलं होतं. रिकाम्या घरातून बादली घेऊन बाहेर आले आणि चार मजल्यांचा जिना वरून खाली पुसून काढला. वास्तविक मला तेवढा आमचाच मजला होता. कठडा, कठड्याची खालची बाजू, कोपरे.

आजी वर आल्या. एक एक पायरी बघत आल्या. कठड्याखालून बोट फिरवलं, ते बोट खिडकीच्या उजेडात धरून पाहिलं. मग माझ्या दारावरची पाटी काढली, समोरच्या दाराच्या मुठीला अडकवली, सरळ केली, आणि खाली निघून गेल्या. बोलल्या काहीच नाहीत.